ठकू आणि पार्वती एकच बाई

पार्वतीबाई भ्रतार किसन, राहणार जुना जालना, जिनिंग कामगार, हिच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही नीट वाचा. साल १९५५, संक्रांतीचा दुसरा दिवस, शनिवार, सकाळी आठचा भोंगा. त्या वेळी तिच्या हातात दोन कागद होते आणि दोन्ही खरे होते. काखेत सोळा दिवसांची मुलगी होती. कायदा तिच्या बाजूचा होता. तिला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त कागद वाचले आणि यंत्रावर उभं केलं. पुढचं सगळं तिनं स्वतः सांगितलं आहे, १९६० च्या मृगात, जिनिंग बंद असताना. मी फक्त लिहून घेतलं.

*

मी मूळची आष्टीची, परतूर तालुक्यातली. बाप मारोती, बाजाराच्या दिवशी गोण्या उचलायचा आन बाकीचे दिवस जे मिळंल ते करायचा. माझा जन्म कव्हाचा ते कोनाला ठावं न्हाई, माय म्हनायची तू झालीस तव्हा ज्वारी हुरड्यात आल्ती, बस, एवढाच माझा दाखला. रझाकाराच्या धामधुमीत आमी बायका-पोरी दिवसचे दिवस पिकात लपून बसायचो, मला ते आठवतं, धाटं अंगाला टोचायची आन मायचा हात माझ्या तोंडावर. मंग पोलीस ॲक्शन झालं, निझामाचं राज गेलं, बाप म्हनला आता आपलं राज आलं, आन आपलं राज आल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात माझं लगीन झालं, जालन्याला दिली.

आता तुमी म्हनाल हिचं नाव काय. तेच तर सांगून राह्यले. आष्टीत मी ठकू. बापानं ठेवलेलं, आजीच्या नावावरून. जालन्यात मी पार्वती, पारू म्हनतात सगळे. आपल्यात पोरीचं नाव लग्नात बदलतं, हे काय तुमाला नवं न्हाई, तुमच्या मायचंबी बदललं असंल. पहिले सहा महिने सासू पारू म्हनून हाक मारायची आन मी वळून बघायचीच न्हाई, तिला वाटायचं पोरगी बहिरी हाय का काय, बापानं फसवलं का काय. मंग सवय झाली. सवय कशाची होत न्हाई सांगा.

सासूला आमी आत्या म्हनतो. आत्या जिनिंगमधी कामाला, कापसातली सरकी काढायचं काम, तिनंच मला लावलं. यंत्रापुढं उभं राहून कापूस हातानं लावत राहायचा, रुई एकीकडं, सरकी एकीकडं, आन दिवसभर कापसाचं बारीक तूस उडून राह्यलेलं, डोळ्यात, नाकात, भाकरीत. पदर तोंडाला बांधायचा. घरी गेल्यावर आत्या माझे केस झाडायची आन मी तिचे, आन आत्या म्हनायची, बघ पारू, दोघीबी एका दिवसात म्हाताऱ्या. पहिल्या दिवशी मुनीमजीनं वही काढली, नाव विचारलं, आत्यानं सांगितलं, पार्वती, आन पुढं घरधन्याचं नाव तिनंच सांगितलं कारन मी ते घेत न्हाई. मुनीमजीनं लिवलं, पार्वती भ्रतार अमुक. तिथं ठकूचा काय संबंध. ठकू आष्टीत राह्यली.

पाच वर्षांनी मला दिवस गेले. त्याच साली घरधन्याच्या पायावर कापसाची गठान पडल्ती, ते हमाली करायचे, पाय असा वाकडा झाला की चार महिने उभं राहाता येत न्हव्हतं. म्हंजे घरात कमावत्या दोघी, आत्या आन मी, आन त्यातली एक पोटुशी. तव्हा मजूर युनियनचा एक मानूस यायचा गेटवर, चष्मेवाला, त्यानं आमा बायकांना बसवून सांगितलं की कायदा झालेला हाय, बाईनं आधी कागद दिला की मला दिवस हायेत, तर बाळंतपनाच्या आधी आन मागं तिला सुटी, तिची जागा कोनाला देता येत न्हाई, आन बाळंतपन झाल्यावर जन्माचा दाखला आनून दाखवायचा, बस. आमाला खोटंच वाटलं. सोजर म्हनून एक बाई हाय आमच्यातली, तोंडाची लई चालू, ती म्हनली, आगं पारू, आता सरकारच येतं का सुईन म्हनून, म्हनावं येताना बिब्बा घेऊन ये. सगळ्या हसल्या. पन मी कागद दिला. मीच पहिली.

आत्या म्हनली, पोटातलं अजून बाहेर आलं न्हाई आन तू त्याला कागदावर घालतीस, आपन बाळुतंसुदा आधी शिवून ठेवत न्हाई, आन तू अंगठा लावतीस. मी म्हनलं, आत्या, घरात दोन मान्सं मिळवती, त्यातलं एक नाव वहीतून गेलं तर खायाचं काय. मुनीमजीनं कागद घेतला, शिक्का मारला, अर्धा फाडून मला दिला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मुनीमजी बराबर वागला. म्हनला, पारूबाई, जन्माचा दाखला मात्र जल्दी आना, दाखल्याबिगर माझ्या हातात काई न्हाई. मी तो अर्धा कागद मिठाच्या गाडग्यामागं ठेवला, मीठ वलं होतं म्हून परत काढला, आन चोळीच्या गाठोड्यात घातला. वाचता येत न्हव्हतं, पन दिवसातून एकदा उघडून बघायची.

पहिलं बाळंतपन माहेरी. हे काय विचारायची बात न्हाई. बाप न्यायला आल्ता, आगगाडीनं परतूरपोतर आन पुढं बैलगाडीनं आष्टी, मायनं गाडीत गोधड्या घालून पाठवल्या व्हत्या. पोर झाली पौष लागायच्या सुमाराला, दुपारच्या उन्हात. पोरगी. सुईन म्हनली, रंग मारोतीचा आन नाक कोनाचं कोनास ठावं. बाप बाहेर उभा व्हता, त्याला नात झाली म्हनल्यावर तो तसाच उठला, पटका बांधला आन पाटलाकडं गेला दाखल्यासाठी, कारन मी सांगून ठेवल्तं, दादा, दाखला लागतो, दाखल्यावर माझी जागा हाय.

आता इथं काय झालं ते नीट ऐका, लिवा तुमी, कारन ह्याच्यात कोनाचा गुन्हा ते मला अजून सांगता येत न्हाई.

मी बाळंतिनीच्या अंधाऱ्या खोलीत, विटाळात, दहा दिवस मला कोनी शिवायचं न्हाई, मी कुठं बाहेर जायचं न्हाई. बाप पाटलाच्या वसरीवर बसला. पाटलानं जन्म-मृत्यूची वही काढली, विचारलं, कोनाला झालं. बाप म्हनला, आपल्या ठकूला. पाटील म्हनला, आरं वा, ठकूला, काय झालं. लेक झाली. पोरीच्या बापाचं नाव काय, जावयाचं नाव सांगितलं. आईचं नाव तर पाटलाला म्हायतीच व्हतं, मी त्याच्या डोळ्यापुढं वाढलेली, त्यानं लिवलं, ठकू पिता मारोती. लग्नात ठेवलेलं पार्वती नाव आष्टीत पाटलालाबी याद न्हाई, मायलाबी न्हाई, आन बापाला याद व्हतं तरी त्याच्या तोंडात ते येतच न्हाई. सासरचं नाव सासरच्यांनी घ्यायचं. माहेरी मला कोनी पारू म्हनलं असतं तर बाप खरंच चिडला असता, की आमी दिलेलं नाव काय वाईट हाय का. तो दाखला घेऊन हसत आला, दारातून मायच्या हातात दिला, मायनं माझ्या उशाला ठेवला. मी तिथं पडल्या पडल्या त्याच्यावरून हात फिरवला. वाचता येत न्हव्हतं ना. सगळं घर त्या कागदापुढं आंधळं.

बाराव्या दिवशी पोरीचं नाव ठेवलं, कमल. आन दोन दिवसांनी घरधनी आले, काठी टेकत, तसल्या पायानं, म्हनले मुनीमजीचा निरोप हाय, हंगाम जोरात हाय, गेटवर बाया बसून हायेत, संक्रांत झाल्यावर दाखला दाखवला न्हाई तर वहीत खाडाखोड होईल. माय म्हनली, सवा महिना न्हाई झाला, बाळंतिनीनं उंबरा वलांडायचा न्हाई. मी म्हनलं, माय, एक दिवस जाते, कागद देते, आन आत्यापशी पडून राहाते. दाखला तर हाय ना आपल्यापशी.

तो शनिवार. थंडी अशी की तोंडातून वाफ. पोर पदराखाली. मुनीमजी खिडकीत बसलेला, दोन्ही कागद घेतले, एक वाचला, दुसरा वाचला, परत पहिला वाचला, आन चष्मा काढून म्हनला, ही ठकू कोन.

मी म्हनलं, मी.

म्हनला, तू तर पार्वती.

म्हनलं, पार्वती इथं, ठकू आष्टीला.

म्हनला, बाई, मला गावं सांगू नको, बाई सांग. ही पोर आष्टीच्या ठकूला झाली. आमच्या पार्वतीला काय झालं त्याचा कागद कुठाय. पोरीच्या बापाचं नाव एकच असंल, पन एका मान्साच्या दोन बायकाबी असतात.

मागून सोजर म्हनली, मुनीमजी, हिचं पोट आमी रोज बघून राह्यलो व्हतो, सरकीच्या ढिगासारखं, तुमाला दिसलं न्हाई का. बाया हसल्या. मुनीमजी हसला न्हाई. म्हनला, माझं डोळ्यावर चालत न्हाई, वहीवर चालतं. नाव बदलल्याचा काई कागद असंल तर दाखव.

काय सांगू तुमाला. कागद कुठला. लग्नात परातीत तांदूळ पसरतात, त्याच्यात बोटानं नाव लिवतात. घरधन्याला लिवता येत न्हाई म्हून भटजीनं त्यांचं बोट धरून लिवलं, पार्वती, सगळ्यांनी वाकून बघितलं, ज्याला वाचता येत न्हाई त्यानंबी बघितलं, आन मंग ते तांदूळ गोळा केले आन दुसऱ्या दिवशी शिजवले. माझ्या नावाचा भात झाला, तो मांडवानं खाल्ला. मी मुनीमजीला तसंच सांगितलं. आन मी त्याला विचारलं, मला कुठून धीर आला ठावं न्हाई, म्हनलं मुनीमजी, तुमच्या घरच्या बाईंचं नाव बदललं का न्हाई लग्नात. त्यानं जरा वर बघितलं. म्हनला, बदललं. पन ती जिनिंगमधी कामाला न्हाई.

तेवढ्यात शेठजी मोटारीतून उतरले, लई जुने व्यापारी, त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडं आले म्हनतात. आत्यानं त्यांच्या वाटेत हात जोडले. शेठजीनं पोरीकडं बघितलं, म्हनले, छोरी अच्छी है. मंग मुनीमजीला म्हनले, कागज बराबर हो तो ले लो. झालं. कागद बराबर न्हव्हता. मुनीमजीनं माझ्या नावापुढं लाल शाईनं लिवलं, मला तव्हा कळलं न्हाई, मागाहून युनियनच्या चष्मेवाल्यानं वाचून सांगितलं, खोटा जन्मदाखला आनला. आन मला म्हनला, आठचा भोंगा झाला की एकतर यंत्रावर, न्हाईतर नाव कमी. बघ तुझं तू. गेटला पंधरा बाया टोपली उशाला घेऊन बसल्या व्हत्या. घरी वाकडा पाय. आत्या माझ्याकडं बघतच न्हव्हती.

मी आत गेले.

पोरीला टोपलीत, अंगनाच्या भिंतीला. घरी ठेवायची तर पाजनार कोन. उन्हाला ठेवली की ऊन सरकायचं, मंग सोजर न्हाईतर आत्या जाऊन टोपली सरकवायची. तूस तिथंबी यायचं. मी सुटीत जायची तव्हा तिच्या नाकपुड्या पांढऱ्या झालेल्या असायच्या, पदराचं टोक जिभेनं वलं करून पुसायची, ती शिंकायची, शिंकल्यावर मला बरं वाटायचं. आठ-नऊ दिवस गेले. मंग खोकला लागला. मंग एका दुपारी मी पाजायला घेतलं तर तिनं तोंडच लावलं न्हाई. दवाखान्यात नेली. डॉक्टरनं छातीला नळी लावली, म्हनला छातीत भरलंय, एवढ्या लहान लेकराला कुठं ठेवता तुमी. मी सांगितलं. त्यानं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. कुंडलिकेच्या काठाला पुरली. त्या दिवसाची माझी गैरहजेरी लागली.

घरधनी नगरपालिकेत मौतीची नोंद करायला गेले. कारकुनानं विचारलं आईचं नाव, त्यांनी सांगितलं, पार्वती. त्यांना दुसरं नाव कुठून येनार, त्यांनी मला ठकू कव्हा म्हनलंय. म्हंजे बघा, आष्टीत ठकूला लेक झाली, ती मेलीच न्हाई. जालन्यात पार्वतीची लेक मेली, ती झालीच न्हाई. दोन्ही वह्या बराबर. सगळ्यांचे शिक्के बराबर.

पुढच्या साली देवी टोचायवाले आष्टीत आल्ते, वहीतून नावं काढून. बापाच्या दारात उभे राहून म्हनले, ठकूबाईची लेक आना. बाप म्हनला, ती गेली. ते म्हनले, कुठं गेली. बाप म्हनला, मेली, पन त्यांच्या वहीत तसं लिवलेलं न्हव्हतं. ते म्हनले, लोक टोचायला भेतात, लेकरं दडवून ठेवतात, तुमी तर म्हातारे मानूस, खोटं कशाला बोलता. बाप तव्हापासून पाटलाच्या वसरीवर गेला न्हाई. तीन वर्षांनी वारला. आन ह्या मृगात शाळेचे मास्तर यादी घेऊन घरोघर फिरले, मायनं निरोप धाडला, ठकू, तुझ्या कमलचं नाव यादीत हाय, पाच सरून सहावं लागलं म्हनतात, मास्तरला काय सांगू.

मी बसले न्हाई गप. चष्मेवाल्यानं अर्ज लिवून दिला, की दोन्ही बाया एकच. जालन्याच्या तहसीलात दिला तर म्हनले जन्म आष्टीचा, आष्टी परभणी जिल्ह्यात, जालना औरंगाबादेत, तिकडं जा. परतूरला गेले तर म्हनले नोकरी जालन्याची, इकडं काय. घालमेल चालू व्हती तेवढ्यात हैद्राबाद राज्य मोडलं, मुंबईत घातलं, कारकून म्हनला आता नवा अर्ज करा, जुना त्या राज्याचा. नवा केला. आता ह्या साली महाराष्ट्र झाला, गावात गुलाल झाला, मीबी लावला, आन तहसीलात गेले तर तोच कारकून म्हनला, बाई, आता परत. मी त्याला म्हनलं, साहेब, तुमचं राज्य दोनदा नाव बदलतं, त्याचा कागद कोन मागतं का. तो हसला. चांगला हाय मनानं. म्हनला, एक रस्ता हाय. दोन लिहिते-वाचते साक्षीदार आना, ज्यांनी तुला दोन्ही नावांनी वळखलेलं हाय, लग्नात नाव बदलताना डोळ्यांनी बघितलं हाय, त्यांनी समोर येऊन सही करायची. अंगठा चालत न्हाई.

आष्टीची मान्सं मला ठकू म्हनून वळखतात, जालन्याची पारू म्हनून. दोन्ही वळखनारे तेच जे लग्नात व्हते, आन त्यातले लिहिते-वाचते म्हंजे बोटावर. भटजी वारले. एक मास्तर व्हते, आता वाटूरला हायेत, म्हातारे, आमच्या घरधन्यानं त्यांना जाऊन गाठलं. ते म्हनले, मी बघितलंय, पोरगी रडत व्हती आन भटजीनं ईकार ऱ्हस्व काढला म्हून मीच तो दुरुस्त करायला लावला, मी येतो, सही करतो. एक सही झाली.

तुमी म्हनाल, आता कशाला, लेकरू गेलं. मला परत दिवस हायेत. पाच वर्षांनी. दिवाळीत भरतात, आन जिनिंगचा भोंगा दसऱ्याला वाजतो. ह्या खेपेला मी माहेरी जानार न्हाई, जालन्यातच बाळंत होनार, दाखल्यावर पार्वतीच लावनार, मी काय वेडी न्हाई. पन मुनीमजी म्हनतो, तुझ्या नावापुढं लाल शाई हाय, जिनं एकदा खोटा दाखला दिला तिचा कागद मी घेत न्हाई, आधी ते निस्तरून आन. माझा कागद घेतला न्हाई तर परत तीच टोपली, तीच भिंत. आत्या आता थकली, टोपली सरकवायला ती न्हाई. घरधनी म्हनतात, सोड, जे व्हायचं ते होईल. मी त्यांना काई म्हनत न्हाई. त्यांचा पाय तसाच हाय.

मला कोनाला शिक्षा नको. मुनीमजीलाबी नको, त्याचीबी लेकरं हायेत, ती जगोत. पन मी रडगानं ऐकवायला हे सांगितलं न्हाई, आन ह्या लिवनाऱ्या दादालाबी बजावलंय, शेवट माझाच लिवा. हे वाचनारे तुमी, तुमाला वाचता येतं म्हंजे सही येते. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या उन्हाळ्यात आष्टीत मारोतीच्या लेकीचं लगीन झालं, त्या मांडवात तुमी व्हता का, आठवा. नवरीकडून व्हता का नवऱ्याकडून, मला फरक न्हाई. व्हता तर दसऱ्याच्या आत जालन्याच्या तहसीलात या, आन ठकू आन पार्वती एकच बाई म्हून सही करा. एक झाली हाय. दुसरी तुमी करा.